फक्कीच्या अलीकडे

माझा आवाज मला मेट्रोत ऐकू आला, सकाळी आठ पंचवीसला, आणि तो माझ्या तोंडातून आलेला नव्हता. नळस्टॉपला चढलो होतो. समोर दोन पोरं उभी, गळ्यात खराडीच्या कुठल्याशा कंपनीची पट्टी, एकाच मोबाइलवर दोघांची डोकी. हेडफोन लावायची पद्धत आता राहिलेली नाही; आपण काय बघतो ते अख्ख्या डब्यानं ऐकलंच पाहिजे असा बहुतेक नियम झालाय. आधी गलका आला, मग शिट्टी, आणि मग एक थोडासा नाकातला, आपल्याच हुशारीवर खूश असलेला आवाज म्हणाला, "झेप घ्यायला काळीज लागतं हो. बाईसाहेब घरी ठेवून आल्यात." मागे माणसं हसली. ही दोघंही हसली. एक म्हणाला, "भाई, काका सॅव्हेज आहेत," आणि त्यानं ते परत लावलं. माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही म्हणतात. साफ खोटं आहे. मला पहिल्या शब्दाला ओळखू आला, आणि मग डेक्कन कधी गेलं, महापालिका कधी गेली, पत्ता नाही. त्या व्हिडिओत माझा चेहरा नाही, नुसतं मैदान आहे. खो-खोचा खांब आहे, आणि खांबापाशी पोचून थांबलेली एक मुलगी. तिनं झेप टाकली असती तर पुढची धावणारी बाद होती. तिनं टाकली नाही, धावणारी निसटली, आणि तिच्या कॉलेजचा संघ एका गुणानं हरला. ती मुलगी निकिता. माझी निकिता. सेकंड इयर बी.कॉम., कर्वेनगर. मी समाधान, तिचा बाप. बाप म्हणायचं का, हा आता वेगळा प्रश्न आहे.

रामवाडीला उतरून पुढची बस धरली, ऑफिसला पोचलो. माझं काम फॅसिलिटीचं, म्हणजे चारशे माणसांच्या कंपनीत एसी कोणाला जास्त गार लागतो आणि कोणाला कमी, याच्या तक्रारी ऐकणं. अठरा वर्षं मी तक्रारी ऐकतोय. तोंडावर एक रेघ न हलवता ऐकतो, आणि माणूस वळला की शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल इतपत एखादं वाक्य टाकतो. "यांच्यासाठी महाबळेश्वर इकडे आणू या का?" टेबल हसतं. तेवढीच आपली किंमत. येरवड्यात वाढलो, वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. शाळेतून कॉलेजात गेलो तेव्हा पेठेतल्या मुलांचं ते बारीक, कोरडं बोलणं मी तोंड उघडं टाकून ऐकायचो. चार शब्दांत माणूस आडवा. मला वाटायचं, हे आपल्याला आलं की आपण इथले झालो. मी ते घासून घासून शिकलो, इतकं की आता तेच माझं बोलणं आहे, दुसरं शिल्लक नाही. वडील म्हणायचे, समाध्या, तुझी जीभ एक दिवस तुझ्याच अंगावर येईल. मी त्यांनाही काहीतरी सुनावलं होतं तेव्हा. काय ते आठवत नाही. ते हसले नव्हते एवढं आठवतं.

अंतिम सामन्याला मी जायलाच नको होतं. निकितानं बजावलं होतं, पप्पा, तुम्ही यायचं नाही, तुम्ही दिसलात की माझे पाय जड होतात. बरं म्हटलं. आणि हाफ डे टाकून गेलो. जुन्या पेठेतलं मैदान, फक्कीच्या पांढऱ्या रेषा नुकत्या आखलेल्या, कडेनं तीन पायऱ्यांची बैठक. ती ज्या बाजूला सहसा बघत नाही अशा कोपऱ्यात, माणसांच्या मागे लपून बसलो. चोरासारखा. शेजारी एक गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशात पेन, मांडीवर शेंगांची पुडी. दत्तप्रसाद म्हणून नाव सांगितलं, राहणार कसबा पेठ, पन्नास वर्षं एकही फायनल चुकवलेली नाही. त्यांच्या पलीकडे त्यांचा पुतण्या आमोद, तिशीचा, मोबाइल स्टँडवर लावून सगळा सामना टिपत होता. त्याचं म्हणे मैदानी खेळांचं पेज आहे, बरीच माणसं बघतात. दत्तप्रसादांनी विचारलं, "आपलं कोणी आहे का खेळणाऱ्यांत?" मी म्हणालो, "छे हो. सहज आलो." झालं. इथून सगळं घसरलं. एकदा सहज आलो म्हटल्यावर माणसाला सहजच बसावं लागतं. निकितानं पहिला गडी बाद केला तेव्हा मला टाळ्या पिटायच्या होत्या. मी शेंग सोलली. दत्तप्रसाद जाणकार माणूस, खोटं कशाला बोलू. कोण कुठे चुकतंय, कुणाची हूल कशी आहे, कुणी खो उशिरा दिला, सगळं एकेका शब्दात सांगत होते, आणि मीही दोनचार वाक्यं टाकली. ती बरी बसली. ते माझ्याकडे वळून "वा, आपली नजर आहे हं" म्हणाले. आपली. मला ते काय गोड लागलं! एक्कावन्न वर्षांचा घोडा, पण गोड लागलं. शेवटचं मिनिट, सगळं मैदान उभं राहिलेलं, आणि ती खांबापाशी येऊन थांबली. एक सेकंद. माझ्या छातीत आधी हायसं वाटलं, मग लगेच लाज वाटली. तेवढ्यात दत्तप्रसाद म्हणाले, "ही थांबली का हो? आपलं काय मत?" आणि आत कोणीतरी तयारच बसल्यासारखं ते वाक्य बाहेर आलं. माणसं हसली. दत्तप्रसादांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

हायसं का वाटलं ते सांगतो, नाहीतर अर्धवट राहील. जुलैत सरावात तिनं झेप टाकली होती, मैदान कडक होतं, गळ्याजवळचं हाड तडकलं. सहा आठवडे हात झोळीत. शैला, माझी बायको, नर्स आहे. तिनं रोज रात्री औषध दिलं आणि रोज रात्री शिव्या दिल्या, खेळाला, कॉलेजला, मला. हाड जुळलं, पण पुरतं नाही. हे कॉलेजात कळलं असतं तर निकिताला संघातून काढलं असतं, म्हणून आम्ही तिघांनी ते पोटात ठेवलं. आणि फायनलच्या दिवशी सकाळी ती बूट बांधत होती तेव्हा मी, हो मीच, तिच्या पुढ्यात बसलो आणि म्हणालो, "निकू, काही झालं तरी झेप घ्यायची नाही. मला वचन दे." ती म्हणाली, "पप्पा, गेममध्ये असं नसतं." मी म्हणालो, वचन दे. दिलं तिनं. आणि पाळलं. खांबापाशी ती एक सेकंद थांबली ना, ते वचन पाळायला थांबली होती. आता मला सांगा, एवढं माहीत असलेला माणूस अख्ख्या मैदानात एकच होता, आणि बोलला कोण? तोच!

त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, बूट काढले, म्हणाली, "हरलो." मी म्हणालो, "असू दे गं." मी दिवसभर ऑफिसात होतो असाच चेहरा केला होता, आणि तो मला छान जमला. पुढे चार दिवसांनी आमोदनं तो तुकडा पेजवर टाकला आणि आठवड्याभरात तो सगळीकडे झाला. कोणी त्याला संगीत लावलं, कोणी माझ्या वाक्यावर कुत्र्यांचे, क्रिकेटपटूंचे, परीक्षेत नापास झालेल्या पोरांचे व्हिडिओ केले. मला कळलं ते असं मेट्रोत. घरी मात्र आधीच आलेलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी पोचलो तर निकिता स्वयंपाकघरात कट्ट्यावर बसून व्हिडिओखालची शेरेबाजी आईला वाचून दाखवत होती, हसत हसत. "हिला रांगोळीच्या स्पर्धेला पाठवा. मम्मी, हे बघ, हिच्यापेक्षा माझी आजी बरी पळते. ह्याची आजी बघायला पाहिजे." मग एक शेरा आला तिथे ती थांबली. जर्सीवरचं आडनाव वाचून कोणीतरी लिहिलं होतं, 'कोट्यातली निवड दिसतेय.' त्याला दोनशे अंगठे. तिनं तोही वाचला, त्याच आवाजात, पण पुढचा वाचला नाही. मोबाइल उलटा ठेवला. "खो-खोत कुठला कोटा असतो, पप्पा?" मी म्हणालो, "मूर्ख असतात लोक." मूर्ख! ज्या दारातून ती घाण आत आली ते दार मी उघडलं होतं, दोन शेंगा आणि एका शाबासकीसाठी. मग तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. शैला भाजी ढवळत होती. आवाज आला. शैलाचा हात थांबला. फक्त थांबला, तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाच सेकंदांनी पुन्हा ढवळायला लागली. बावीस वर्षांचा संसार आहे, तिला काय सांगायचं? निकिताला मात्र तो आवाज ओळखू आला नव्हता; तिच्या लेखी पप्पा त्या दिवशी ऑफिसात होते.

दुसऱ्या दिवशी निकिता आंघोळीला गेल्यावर शैला म्हणाली, "अहो, तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"सांगतो."

"कधी?"

"आज."

"ती त्या माणसाला रोज शोधतेय. कोण आहे, कुठला आहे. काल मला म्हणाली, मम्मी, भेटला तर फक्त विचारेन की काका, माझं काय चुकलं होतं. तुम्हाला कळतंय का मी काय बोलतेय?"

कळत होतं. त्या दिवशी सांगितलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी वाक्यं जुळवायचो, बसमध्ये, जिन्यात, ऑफिसच्या बाथरूममध्ये. 'निकू, त्या दिवशी मी आलो होतो.' इथपर्यंत जमायचं. पुढचं वाक्य तयार व्हायचं ते नेमकं फाजील व्हायचं, त्यात एक टोमणा यायचाच, स्वतःला का होईना. माझ्याकडे सरळ बोलणंच नाही हे मला तेव्हा कळलं. पेजवर जाऊन खोट्या नावानं लिहिलं, 'ही कॉलेजची मुलगी आहे, पगारी खेळाडू नाही, कृपया काढून टाका.' सत्तर जणांनी मला हाणलं. एकानं लिहिलं, 'मैदानात उतरलं की ऐकून घ्यावं लागतं.' एकानं लिहिलं, 'काका, काळीज घरी ठेवून आलात का?' आणि दत्तप्रसादांनी स्वतःच्या नावानं, शुद्धलेखनाची एकही चूक न करता लिहिलं होतं: 'कौतुक चारचौघांत चालतं, मग टीका का नको? आम्हीही मैदानात शिव्या खाऊनच खेळ शिकलो.' मी ते दहा वेळा वाचलं. त्याला उत्तर असणार, नक्की असणार. ह्या पोरी पहाटे साडेपाचला उठतात, परीक्षेचे पेपर देऊन येतात, दोन केळी आणि एक उकडलेलं अंडं खाऊन नऊ मिनिटं ऊर फुटेस्तोवर धावतात. त्यांना कोणी देशाच्या टीव्हीवर बसवलेलं नाही. तुम्ही खाल्लेल्या शिव्या मैदानाच्या भिंतीपर्यंत जायच्या आणि तिथेच पडायच्या. हिच्या वर्गातल्या बाकापर्यंत येतात, हिच्या उशीपर्यंत येतात. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. पण ते लिहिणारा मी कोण? चोरानं पोलिसात तक्रार लिहायला बसावं आणि सहीच्या जागी अडावं, तसा अडलो. मोबाइल खिशात टाकला.

त्यात ती सरावाला जायची थांबली. पहाटे गजर वाजायचा, ती बंद करायची, आणि मी पलीकडच्या खोलीत जागा राहून तिच्या पावलांची वाट बघायचो. लहानपणी हीच पोरगी पायात चप्पल न घालता जिन्यावरून सुटायची. हॉलमध्ये दोन गाद्या टाकून मीच तिला सूर मारायला शिकवलं होतं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, शैला ओरडत असताना. गादीवर आपटली की उठून म्हणायची, पप्पा, परत. परत, परत, हात दुखेपर्यंत. आता ती वर्गातही मागच्या बाकावर बसते असं तिच्या मैत्रिणीकडून, ओवीकडून, शैलाला कळलं. कोणीतरी तिच्या वहीवर काळजाचं चित्र काढून खाली 'हरवले आहे' असं लिहिलं होतं. मी आंघोळीला गेलो आणि नळ सोडून रडलो. एवढंच करता आलं.

विद्यापीठाच्या संघाची निवड रविवारी होती. त्यात नाव आलं तर आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचं, नाही आलं तर खेळ संपला. पुढच्या वर्षी सीएची तयारी, हे घरात ठरलेलं. तिच्या सरांचे तीन फोन आले. शुक्रवारी ती जेवताना एकदम म्हणाली, "मी जाणारे. पण पप्पा, या वेळी तुम्ही यायचं."

"मी? तुझे पाय जड होतात ना."

"होऊ देत. तिकडे सगळे तेच ओरडणार. निदान एक माणूस आपला असू दे." तिनं भात कालवला. मग ताटाकडेच बघत म्हणाली, "आणि वचनबिचन मागू नका. मी झेप घेणारे. हाड गेलं तर गेलं."

शैलानं माझ्याकडे बघितलं. हीच वेळ होती. तोंड उघडलंसुद्धा. "निकू," म्हणालो. ती म्हणाली, "काय?" तिचे डोळे इतके थकलेले होते की मला वाटलं, आता सांगितलं तर ही रविवारी जाणारच नाही, आधी निवड होऊ दे, मग सांगू. भेकड माणसाला कारणं कशी भराभर सापडतात! "लिंबू हवं का?" असं मी विचारलं.

रविवारी सकाळी साडेनऊला मैदानावर पोचलो. या वेळी लपलो नाही, मधल्या पायरीवर बसलो. तिनं मला शोधलं, हात केला. गर्दी नेहमीपेक्षा जास्त. खेळ बघायला कमी आणि तिला बघायला जास्त. दत्तप्रसाद आणि आमोद माझ्यापासून आठदहा माणसं सोडून खालच्या पायरीवर. मी मान खाली घातली. निवडीसाठी लावलेल्या सामन्यात पाठलागाला निकिताचा संघ उतरला. आठ जणी ओळीत आपापल्या चौकोनात बसल्या, एकआड एक उलट्या बाजूला तोंड करून, आणि निकिता चौथी, तिचं तोंड आमच्या बाजूला. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही हा नियम. तोवर समोर जे असेल ते बघत बसायचं. शिट्टी झाली. आणि मिनिट व्हायच्या आत मागून कोणीतरी ओरडलं, "काळीज आणलंय का आज?" हशा. मग दुसरीकडून, "डबा उघडून बघा!" मग ते एका तालात सुरू झालं, टाळ्यांसकट, का-ळीज, का-ळीज, कॉलेजची पोरं, त्यांच्यात मुलीही. तिच्या खांद्याकडे मी बघत होतो. तो वर आला होता, कानाजवळ. तिनं माझ्याकडे पाहिलं. आपला माणूस आहे का बघितलं.

मी उभा राहिलो. कसा राहिलो माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा टोमणा नसलेलं वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि निघालं ते छातीच्या तळापासून. "गप्प बसा! लाज वाटत नाही का? माझी मुलगी आहे ती!"

मैदान गप्प झालं. खरंच झालं. दोन सेकंद मला वाटलं, जमलं. मग खालच्या पायरीवरून दत्तप्रसाद वळले, चष्मा वर केला, आणि त्यांचा चेहरा आनंदानं फुलला, अगदी निर्मळ आनंदानं. "अहो, तुम्हीच ना ते? आमोद, अरे आमोद, हा आवाज! ते काळीजवाले गृहस्थ आले बघ!" आमोदनं मोबाइल माझ्याकडे वळवला. "काका, त्या दिवशी शेजारी तुम्हीच होतात की! एकदा म्हणा ना परत." मागून शिट्ट्या आल्या. कोणीतरी म्हणालं, "म्हणजे स्वतःच्याच पोरीला?" आणि जो हशा उठला तो त्या दिवसाच्या हशापेक्षा मोठा होता, टाळ्या होत्या, माझ्यासाठी होत्या. मी नाही म्हणालो, तो मी नाही म्हणालो, आणि जितकं म्हणालो तितका आवाज तोच होता.

निकिता बघत होती. मान वळवायची तिला मोकळीक होती, पण तिनं वळवली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी वाचलो असतो. घरभर शोधलेली वस्तू घरातल्याच कपाटात सापडल्यावर माणूस बघतो, तशी ती बघत होती. मग तिच्या मागे तिच्याच संघातली पाठलाग करणारी आली, पाठीवर हात पडला, "खो!" इतका खणखणीत की पायऱ्यांपर्यंत ऐकू आला. निकिता उठली नाही. पुन्हा हात पडला, "खो! अगं, खो!" पुढची धावणारी तिच्या समोरून, हातभर अंतरावरून, सावकाश निघून गेली. सर रेषेवरून ओरडत होते, ऊठ, निकिता, ऊठ. मलाही ओरडायचं होतं. ऊठ गं माझे आई, नको झेप घेऊ, नुसती ऊठ. तोंड उघडलं, आणि आमोदचा मोबाइल अजून माझ्यावर होता, आणि मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.